चांगल्या मालावर लाल खडू

दिवाळी सरली, की एखाद्या सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या बनियनवर काळे बारीक तुकडे दिसायला लागतात. साखर कारखान्याच्या धुराड्यातून उडालेली ती चिपाडाची काजळी. बोटानं झटकली तर पसरते, फुंकली तर उडून जाते. सुजाता, माझी बायको, फुंकायला शिकली आहे. मी अजून झटकतो आणि बोलणी खातो. यंदाही ती काजळी आली, पंचगंगेवर सकाळचं धुकं बसायला लागलं, वाऱ्याबरोबर कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड, जरासा करपट वास आला. आणि परवा आमच्या श्रुतीनं जेवणाच्या टेबलावरचं मीठ, लोणचं, चटणी सगळं एका कडेला सारून हिमाचलचा नकाशा पसरला. तीन वर्षांनी. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि गुमान स्वयंपाकघरात गेलो.

गुमान जायला कारण आहे. तीन वर्षांमागच्या अशाच थंडीत मी माझ्या मुलीबद्दल एक खोटं बोललो होतो. तेही अशा माणसापाशी, ज्याच्या एका शब्दावर तिचं डोंगरावर जाणं अवलंबून होतं. त्या खोट्यानं काय झालं ते सांगायचं, तर ती सगळी थंडी सांगावी लागेल. मला ती तुकड्यातुकड्यांनीच आठवते.

मी संशयी माणूस आहे. ही कबुली नव्हे, हा माझा धंदा. शिरोलीच्या एका फौंड्रीत मी एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. ओतकाम थंड झालं की समोर यायचं. हातात छोटी हातोडी. टोला मारायचा आणि ऐकायचं. चांगला माल खणखणतो, आत चीर किंवा पोकळी असली की आवाज बद्द येतो. बद्द आला की लाल खडूनं फुली. नुसती शंका आली तरी फुली, चौकशी मागाहून. हीच सवय मी घरी घेऊन आलो. कलिंगड, दूधवाला, एसटीचं वेळापत्रक, डॉक्टरांच्या गोळ्या, पाहुण्यांचं ‘येतो हं उद्या’, सगळ्यावर माझी हातोडी चालते. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तोंड न पोळताच फुंकत आलो.

त्या वर्षी नोव्हेंबरात दोन लांबडी गाठोडी ट्रान्स्पोर्टनं घरी आली. आमच्या मंगळवार पेठेत कुणाच्या दारात काय उतरलं याची चौकशी झाल्याशिवाय टेम्पो हलत नाही. समोरच्या पानपट्टीवाल्यानं विचारलं, “अण्णा, इस्त्रीचं टेबल घेतलासा व्हय? दोन-दोन?” मी व्हय म्हणून टाकलं. आत घेऊन सोडलं तर निघाल्या दोन फळ्या, पुण्याच्या कुणा गिर्यारोहकानं वापरलेल्या, बुडाला ओरखडे असलेल्या. श्रुतीनं खटके उघडले आणि एक फळी उभीच्या उभी दोन झाली. याला स्प्लिटबोर्ड म्हणतात. वर चढताना एकेका पायाला एकेक भाग, बुडाला केसाळ पट्टी. त्या पट्टीचे केस मागं वळलेले असतात, म्हणून पाय पुढं सरकतो पण मागं घसरत नाही. माथ्यावर पोचलं की पट्टी सोलून काढायची, दोन भाग पुन्हा जोडायचे आणि त्या एका फळीवर उभं राहून बर्फावरून खाली यायचं. श्रुतीनं हे उत्तरेत दोन हिवाळे शिबिरं करून शिकून घेतलं होतं. आता तिला आणि तिच्या बालमैत्रिणीला, निलोफरला, लाहौलच्या बाजूला पाच दिवसांची मोहीम करायची होती. शेवटच्या दिवशी एक खिंड.

मी फळी उचलून कान लावला आणि बोटाच्या पेरानं टोला मारला.

“अप्पा, ते कास्टिंग न्हाय,” श्रुती म्हणाली.

“आवाज बद्द येतोय.”

“लाकूड हाय आत. खणखणंल कसं?”

मग रोज संध्याकाळी टेबलावर नकाशा. जैन घर असल्यामुळं आमची जेवणं दिवस मावळायच्या आत आटोपतात, त्यामुळं टेबल रिकामं लवकर मिळायचं. नकाशावर नुसत्या तपकिरी रेघा. एकीला दुसरी चिकटत चाललेली असली की तिथं उतार उभा, लांब लांब असल्या की सपाटी. तीस अंशांच्या वरचा उतार श्रुतीनं लाल रंगवला होता. तिथला बर्फ सुटू शकतो. मी फौंड्रीतला कोनमापक आणून कागदावर ठेवला, तर दोघी पोरी इतक्या हसल्या की निलोफरला ठसका लागला. कागद सपाट असतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरी मी एक जागा हेरली. त्यांची वाट एका लाल उताराच्या पायथ्यावरून जात होती.

“हितनं का जाताय?”

“दुसरी वाटच न्हाय. नवाच्या आत पार करायचं. उन्हानं बर्फ सैल व्हायच्या आधी. आणि एकेकानं.”

“एकेकानं कशाला?”

श्रुतीनं पेन्सिल खाली ठेवली नाही की वरही बघितलं नाही. “सुटला तर सगळी एकदम गाडली जाऊ नयेत म्हणून,” ती म्हणाली. सुजाता तिथंच हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती, तिचा हात थांबला. मग श्रुतीनं कुठल्या गावात चहा मिळतो ते सांगायला सुरुवात केली.

पट्ट्यांची भानगड डिसेंबरात झाली. जुन्या पट्ट्यांचा चिकटपणा गेला होता. निलोफरचे वडील दस्तगीरभाई गाड्यांची सीट कव्हरं शिवतात, चाळीस वर्षं त्यांचा हात रेक्झिनवर फिरतोय. त्यांनी पट्टी उलटी-पालटी केली, केसांवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, “एवढंच व्हय? अण्णा, माझं सोल्युशन लावलेलं रेक्झिन मे महिन्यात टपावरच्या उन्हात सुटत न्हाय. ट्रकवाले शिव्या देत्यात, निघतच न्हाय म्हणून.” पट्ट्या लावून झाल्या. त्यांनी एक पट्टी फळीला चिकटवून भर दुपारी दुकानासमोर उन्हात ठेवली, ओढून बघितली, हलली नाही. पोरी खूश. दस्तगीरभाईंनी चहा मागवला.

मला मात्र काहीतरी खुपत होतं. चहा पिता पिता ध्यानात आलं. आम्ही कोल्हापूरची माणसं, कुठलीही गोष्ट उन्हात टिकली की टिकली समजतो. गाडीचा टप, पापड, चप्पल, रंग, सगळं उन्हाच्या परीक्षेत पास करून घेतो. पण ही पट्टी उन्हात जाणारच नव्हती. माझ्या मावसभावाची उद्यमनगरात आइस्क्रीम साठवायची थंड खोली आहे, आत उणे अठरा. मी फळ्या तिथं नेल्या आणि व्हॅनिलाच्या खोक्यांवर तासभर आडव्या ठेवल्या. श्रुती स्वेटर घालून आत गेली, मी आणि दस्तगीरभाई मफलर बांधून मागोमाग. तिनं पट्टीचं टोक दोन बोटांत धरलं आणि पट्टी अख्खी सुटून हातात आली. सोल्युशन कडक होऊन त्याचे तुकडे खाली पडले. दस्तगीरभाईंनी एक तुकडा उचलून वास घेतला. त्यांच्या तोंडून वाफ येत होती. “चुकलं माझं,” ते म्हणाले, “पोरी अर्ध्या चढावर असत्या तर?” त्या माणसानं पुढचे दोन दिवस घासून घासून आपलंच काम काढून टाकलं आणि पोरींनी योग्य तो डिंक हिमाचलहून मागवला.

त्या दिवशी श्रुतीनं मला मिठी मारली होती. थंड खोलीच्या दारात, आइस्क्रीमवाल्या पोरांच्या देखत. “अप्पा, तुमचा संशय लै कामाचा,” म्हणाली. सुजातानं ऐकून कपाळाला हात लावला. “एकदा खरे ठरलात,” ती म्हणाली, “आता घरात ऱ्हाणं मुश्कील.” आणि झालंही तसंच. मी सुपाच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचून त्यात जैनांना वर्ज्य बटाटा आहे हे जाहीर केलं. झोपायच्या पिशवीची शिवण उसवून बघितली. शेंगाच्या पोळ्या बर्फात दगड होतील, त्या अंगावरच्या खिशात ठेवा, हेही मीच सांगितलं. त्यातलं बरंच बरोबर होतं. माणूस बरोबर ठरत गेला की कुठं थांबायचं ते त्याला कळत नाही.

त्यांच्या वाटाड्यावर तर माझा पहिल्यापासून डोळा होता. अंगरूप त्यांचं नाव, लाहौलचेच, माझ्याच वयाचे. दर रविवारी सकाळी ते फोनवर पोरींशी बोलत. मी शेजारी बसून ऐकायचो, खोट काढायला. एकदा ते म्हणाले, “बेटा, पहाड़ पर शक करना. मौसम पर, बर्फ़ पर, और सबसे ज़्यादा अपने जोश पर.” मी खुर्चीत सरळ झालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पंथाचा भेटला होता. मोहिमेत चौघं असणार होते, दोघी पोरी, ते स्वतः आणि तिकडचाच एक मुलगा. पुढं त्यांनी नियम सांगितला. चौघांतल्या एकानं जरी ‘नको’ म्हटलं तरी सगळ्यांनी मागं फिरायचं, कारण विचारायचं नाही, नंतर टोमणे मारायचे नाहीत. मात्र ‘नको’ तिथंच, सगळ्यांसमोर म्हणायचं. मला ते पहिलं वाक्य इतकं आवडलं की शेवटचं मी नीट ऐकलंच नाही.

थंडी वाढली तशी त्यांची तयारीही वाढली. पाठीवर बारा किलो घेऊन चढायची सवय हवी होती. श्रुतीनं पिशवीत दहा किलोची गुळाची ढेप घातली, वर पाण्याच्या बाटल्या, आणि निघाली जोतिबाचा डोंगर चढायला. मी स्कूटरवरून घाटानं पुढं जाऊन पायऱ्यांपाशी थांबलो. काळजी म्हणून, असं मी सांगत होतो. खरं म्हणजे ती दमते का, छातीला हात लावते का, हे बघायला. गुलालानं माखलेल्या पायऱ्यांवर एका म्हाताऱ्या बाईनं तिला अडवलं. “पोरी, पाठीवर काय?” “गूळ हाय आज्जी.” “कसला नवस बोललीस गं एवढा?” “बर्फावर जायचंय, आज्जी.” म्हातारीनं थोडा विचार केला. “ह्यो कुठला देव म्हणायचा?” असं म्हणून तिनं स्वतःच्या कपाळाचा गुलाल पोरीला लावला. श्रुती हसत वर गेली. तिचा श्वास माझ्यापेक्षा चांगला चालला होता, आणि मी तर स्कूटरवर आलो होतो.

छातीचं एवढं का, तेही सांगतो. श्रुती चार वर्षांची असताना अशाच हंगामात, काजळी पडायच्या दिवसांत, तिची छाती वाजायला लागली होती. रात्रंदिवस शिट्टीसारखा आवाज. वाफेचं मशीन, दवाखाना. पाच दिवसांनी आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, धुरानं झालं, मोठी होईल तसं जाईल. गेलंच. नंतर ती नदीत पोहायला शिकली, शाळेत धावली, एकदाही पुन्हा छाती वाजली नाही. पण मी पाच दिवस तो आवाज ऐकला होता.

जानेवारीच्या शेवटी आम्ही गडहिंग्लजजवळ माझ्या भावाच्या शेतात गेलो. ऊस नुकताच तोडून गेला होता, रानभर पाचट पडलेलं. बर्फाखाली माणूस गाडला गेला तर शोधायचं एक छोटं यंत्र असतं, प्रत्येकाच्या छातीला बांधलेलं. एकाचं यंत्र आवाज सोडतं, बाकीच्यांची ऐकतात. निलोफरनं एका गोणत्यात तिचं यंत्र घातलं, भावानं ते पाचटाच्या मोठ्या ढिगाखाली कुठंतरी दाबलं आणि श्रुती शोधायला लागली. टूं, टूं, टूं. पुढं गेली की आवाज जलद, चुकली की संथ. माझ्या हातात घड्याळ होतं. शेजारच्या रानात ऊसतोडीची टोळी काम करत होती. त्यातली एक बाई कोयता खांद्याला लावून बांधावर आली.

“काय हुडकायलात ओ ताई?”

श्रुती गुडघ्यावर होती, कान यंत्राला. “माणूस,” ती म्हणाली.

बाई हसली नाही. तिनं कोयता खाली ठेवला आणि बांधावरून उतरून दोन्ही हातांनी पाचट उपसायला लागली. तिच्यामागनं आणखी दोघी आल्या. गंमत चाललीय, यंत्राची चाचणी आहे, असं सांगायला कुणाला सुचलंच नाही. गोणतं सापडलं तेव्हा माझ्या घड्याळात बावीस मिनिटं झाली होती. “पंधराच्या आत पायजे,” श्रुती घाम पुसत म्हणाली, “परत दाबा.” दुसऱ्या खेपेला अठरा, तिसऱ्या खेपेला अकरा. पोरी नाचल्या. मी नाचलो नाही. माझ्या डोक्यात ती बावीस मिनिटं राहिली होती. गोणत्याच्या जागी मी तिला ठेवून बघितलं आणि ते चित्र मला काही केल्या पुसता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रुती कामावर गेल्यावर मी अंगरूपना फोन लावला. सुजाता देवळात गेली होती. मी काय बोलणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं. ‘मला भीती वाटते’ एवढं बोललो असतो तरी चाललं असतं. तो माणूस समजून घेणारा होता. पण भीती वाटते म्हणायची मला लाज वाटली. मी म्हणालो, “श्रुती को दमा है.”

“फ़ॉर्म में तो नहीं लिखा उसने.”

“लिखती नहीं. छुपाती है.”

ही दोन वाक्यं बोलायला किती वेळ लागला असेल? आणि हे तिला सांगू नका, तिच्या मनाला लागेल, असंही वर मी सांगून ठेवलं. फोन ठेवला तेव्हा खरं सांगतो, मला हलकं वाटलं होतं. संशय आला, फुली मारली.

फेब्रुवारीत त्या गेल्या. स्टेशनवर दस्तगीरभाईंनी दोघींच्या पिशव्यांच्या पट्ट्या ओढून बघितल्या. पहिले तीन दिवस फोटो आले, गॉगलखालची लाल नाकं, फळ्या बर्फात रोवलेल्या. चौथ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी निलोफरचा फोटो आला, खिंडीत, हात वर केलेला, शेजारी अंगरूप. श्रुती नव्हती. सुजातानं फोटो मोठा करून करून तिला शोधलं. “फोटो ती काढत असंल,” ती म्हणाली.

श्रुती परत आली ती शांत. चेहरा उन्हानं रापलेला, गॉगलच्या जागी पांढरं. तिनं आईला सगळं सांगितलं, खाण्याचं, थंडीचं, गावातल्या चुलीचं. मग जेवायला बसल्यावर, भाकरी मोडता मोडता, तिनं विचारलं.

“अप्पा, तुमी अंगरूपजींना फोन केलता?”

हातोडीखालच्या मालाला काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. “व्हय,” मी म्हणालो, “पर दमा हुता की तुला.”

“चार वर्षांची असताना.”

“हुता की न्हाई?”

“किती दिवस?”

“पाच,” मी म्हणालो.

“आणि मी लपवतो असं म्हणालासा?”

सुजाताचा हात वाढता वाढता थांबला. तिला हे काहीच माहीत नव्हतं. श्रुती चिडली असती, ओरडली असती तर मी पण आवाज चढवला असता. आमच्या घरात भांडणं मोठ्यानं होतात आणि लवकर मिटतात. पण ती हळू आवाजात बोलली. “त्यांनी मला खालच्या गावात ठिवलं. मला वाटलं मी कुठंतरी चुकलो, पाय नीट टाकला न्हाय. दोन दिवस मी माझीच चूक हुडकत बसलो, अप्पा. मग निघताना त्यांनी खरं सांगितलं. चांगल्या मालावर लाल खडू मारलासा तुमी.” कोल्हापूरच्या पोरी ‘मी चुकलो, मी बसलो’ असंच बोलतात, त्यात नवं काही नाही. तरी त्या दिवशी ते ऐकताना समोर मीच बसून बोलतोय असं वाटलं.

त्या रात्री सुजाता माझ्याशी बोलली नाही. पुढचा आठवडाभरही कामापुरतंच.

मी मागाहून खूप विचार केला. अंगरूप आणि मी, दोघंही संशयावर जगणारी माणसं. फरक एवढाच की त्यांचा संशय तोंडावर बोलला जातो, तिथंच, सगळ्यांसमोर, आणि ज्याच्यावर घेतला त्याला उत्तर देता येतं. आइस्क्रीमच्या खोलीत मी संशय घेतला तो दस्तगीरभाईंच्या देखत घेतला, म्हणून त्यांनी तो मानला. पोरीवरचा मात्र मी तिच्या पाठीमागं, सुजाताची देवळाची वेळ साधून घेतला. आणि तोसुद्धा खरा संशय नव्हता. तिची छाती ठणठणीत आहे हे मला पक्कं माहीत होतं, मी जोतिबाच्या पायऱ्यांवर उभं राहून ते ऐकलं होतं. फौंड्रीत असं कुणी केलं असतं तर मी त्याला गेटाबाहेर काढला असता.

माफी मी मागितली. तिनं दिलीही, म्हणजे ‘सोडा आता’ असं म्हणाली. पण त्यानंतर टेबलावर नकाशा आला नाही. एका थंडीत निलोफरचं लग्न होतं, एका थंडीत श्रुतीच्या ऑफिसात कामाची घाई. निदान कारणं तरी अशी सांगितली गेली. मी ती तपासली नाहीत. तपासायचा माझा हक्क गेला होता. ती घरी काही कमी बोलायची असंही नाही. भाजीचं, रस्त्याचं, गाडीचं बोलायची. कुठं चाललीस विचारलं की ‘येतो जाऊन’ म्हणायची, आणि कुठं ते राहून जायचं.

म्हणून परवा नकाशा पसरलेला दिसला तेव्हा मला आनंद झाला, आणि लगेच मी पाण्याचा तांब्या घेऊन उठलो, उगाच जवळ गेलो तर ती गुंडाळून ठेवेल म्हणून. स्वयंपाकघरातून बघत होतो. तीच खिंड. वयाची सत्तावीस वर्षं झाली तिला, फॉर्म भरून पाठवला होता, निलोफरच्या नवऱ्यानंही जा म्हटलं होतं. थोड्या वेळानं तिनं मान वर न करता हाक मारली, “अप्पा, हितं या. ह्यो उतार बघा जरा.” मी बाहेर जाऊन बसलो. तासभर बसलो. दोन शंका काढल्या, दोन्ही तिच्या तोंडावर. एक तिनं मान्य केली, एक खोडून काढली. इतकं बरं मला तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

आज सकाळी फोन वाजला तेव्हा आम्ही दोघंही टेबलावरच होतो. माझा फोन. अंगरूपचा नंबर अजून माझ्याकडं होता, आणि माझा त्यांच्याकडं.

“स्पीकरवर टाका,” श्रुती म्हणाली.

नमस्कार झाला. मग ते म्हणाले, “साहब, बेटी का फ़ॉर्म आया है. लिखा है, कोई बीमारी नहीं. इसलिए आपसे पूछ रहा हूँ. सच है?”

श्रुतीनं माझ्याकडं बघितलं. माझं हिंदी तसं कच्चं, पण ह्या वेळी शब्द अडले ते हिंदीमुळं नव्हे. “सच है,” मी म्हणालो. “उसको कुछ नहीं है. पहले भी नहीं था. छोटी थी तब पाँच दिन हुआ था, बस. मैं तब झूठ बोला था. मुझे डर लगता था.”

पलीकडं कुठंतरी कुत्रं भुंकत होतं.

“साहब,” ते म्हणाले, त्यांच्या आवाजात राग नव्हता, “तब आप बाप थे, मैंने मान लिया. आज भी बाप हो. अब कौन-सी बात मानूँ?”

ते उत्तरासाठी थांबले नाहीत.

“ऊपर मेरे साथ और लोग भी होंगे. ऐसा करो, डॉक्टर का काग़ज़ चाहिए. डॉक्टर ख़ुद मुझे भेजे. आप नहीं, बेटी भी नहीं. आप दोनों के हाथ का नहीं लूँगा.” मग त्यांनी तिला आशीर्वाद दिला आणि फोन ठेवला.

श्रुती फोनकडं बघत बसली. डॉक्टरांकडं जायला तिची काही हरकत नव्हती, छाती तिची चांगलीच आहे, कागद येईल, खिंडही होईल. पण फॉर्ममध्ये खरं लिहिणारी ती एकटीच होती, आणि ‘आप दोनों’ तिनं नीट ऐकलं होतं.

“म्हंजे अजून मी बी खोट्यातच, अप्पा?” तिनं विचारलं.

मी व्हय म्हणालो.